नाय बेव्हन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की वेल्सच्या या खाणकामगार-मंत्र्याबद्दल ठरावीक प्रश्न पुन्हापुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने वाचणाऱ्यांसाठी आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाय बेव्हन म्हणजे नेमके कोण?

अनायरिन बेव्हन हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते. लोक त्यांना प्रेमानं 'नाय' म्हणत. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडीगर या खाणगावात १५ नोव्हेंबर १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ६ जुलै १९६० रोजी मृत्यू. १९२९ पासून अखेरपर्यंत ते एबू व्हेल मतदारसंघाचे खासदार होते. १९४५ मध्ये पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी त्यांना आरोग्यमंत्री केलं, तेव्हा त्या मंत्रिमंडळात सर्वांत तरुण तेच होते. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजेच एनएचएस, हे त्यांचं सर्वांत मोठं काम.

२. बेव्हन, बेव्हिन आणि बेव्हरिज ही एकाच माणसाची नावं आहेत का?

नाही, तिघं वेगळे. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण तिघंही त्याच काळात आणि त्याच घडामोडींत होते. अर्नेस्ट बेव्हिन हे इंग्लंडच्या सॉमरसेटमधले, वाहतूक कामगारांच्या संघटनेचे बलाढ्य नेते. युद्धात ते कामगारमंत्री होते आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाले. युद्धकाळात चिठ्ठ्या टाकून ज्या तरुणांना सैन्याऐवजी खाणीत पाठवलं, त्या 'बेव्हिन बॉइज'चं नाव या बेव्हिनवरून पडलं, आपल्या बेव्हनवरून नाही. बेव्हन आणि बेव्हिन एकाच पक्षात असूनही त्यांचं कधी पटलं नाही. तिसरे विल्यम बेव्हरिज, उदारमतवादी अर्थतज्ज्ञ. डिसेंबर १९४२ मध्ये आलेला सामाजिक सुरक्षेचा प्रसिद्ध अहवाल त्यांचा. एनएचएसमध्ये कोणाचा किती वाटा, हे प्रश्न ९ मध्ये पाहा.

३. ते खरंच खाणीत काम करत होते, की ही नंतर रचलेली कहाणी आहे?

खरंच करत होते. तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते टी-ट्रिस्ट खाणीत उतरले. वडील डेव्हिड खाणकामगार, आई फीबी शिवणकाम करणारी, घरात दहा भावंडं जन्मली आणि त्यातली सगळी जगली नाहीत. वडील वेल्श भाषेतल्या कवितेचे आणि भजनगायनाचे वेडे होते. १९२५ मध्ये कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन ते मुलाच्या मिठीत गेले. त्या आजाराची तेव्हा धंद्यातल्या आजारांत नोंद नव्हती, त्यामुळे भरपाईचा एक पेन्सही मिळाला नाही.

नाय यांना स्वतःलाही खाणीतल्या अंधारानं डोळ्यांचा विकार जडला. १९१९ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेनं त्यांना लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकायला पाठवलं. १९२१ मध्ये परतले तर काम नाही. मालकांना हा संघटनेचा पोरगा नको होता. बहीण कमावते म्हणून त्यांचा बेकारभत्ताही बंद झाला. घरातल्या दुसऱ्याची मिळकत मोजून माणसाला मदत नाकारणाऱ्या त्या चौकशीबद्दलचा संताप त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयात दिसतो. 'आधी गरीब असल्याचं सिद्ध करा' या अटीवर कोणतीही सेवा द्यायला ते आयुष्यभर तयार झाले नाहीत.

४. ते तोतरे होते म्हणतात. मग एवढे मोठे वक्ते कसे झाले?

लहानपणी ते बोलताना फार अडखळत. ट्रेडीगरच्या कामगारांनी वर्गणीतून चालवलेल्या वाचनालयात ते तासन्‌तास वाचत आणि डोंगरावर जाऊन मोठ्यानं म्हणत. जो शब्द अडकेल त्याला पर्यायी शब्द हाताशी असावा म्हणून त्यांनी शब्दांचा प्रचंड साठा केला. संसदेत त्यांच्या भाषणात मध्येच येणारा अनपेक्षित, नेमका शब्द या सवयीतून आलेला आहे. अडखळणं पूर्ण गेलं नाही, पण त्याचा त्यांनी थांबण्यासाठी उपयोग करून घेतला, आणि सभागृह त्या थांब्यात श्वास रोखून असे. विरोधी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे लोकही त्यांचं भाषण चुकवत नसत.

५. राजकारणात ते कसे आले?

संघटनेतून. १९२६ चा सार्वत्रिक संप नऊ दिवसांत संपला, पण खाणकामगार त्यानंतरही कित्येक महिने कामाबाहेर राहिले. ट्रेडीगरमध्ये उपाशी घरांना मदत पोचवण्याची व्यवस्था बेव्हन यांनी उभी केली. १९२८ मध्ये ते मॉनमथशायरच्या काउंटी कौन्सिलवर गेले. १९२९ मध्ये खाणकामगारांनी मतदान घेऊन विद्यमान खासदाराला बाजूला सारलं आणि बेव्हन यांना उमेदवारी दिली.

त्यांच्या राजकारणाची किल्ली हवी असेल तर त्यांनीच १९४३ मध्ये संसदेत सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवा. लहानपणी त्यांना सांगितलं होतं की सत्ता गावच्या कौन्सिलमध्ये असते. ते तिथे पोचले तर सत्ता तिथून निघून गेली होती. मग काउंटीत गेले, तर तिथूनही ती नुकतीच वळणाआड गेलेली. बेव्हन यांना हौतात्म्य नको होतं. निर्णय जिथे होतो ती खुर्ची शोधायची आणि तिथे बसून आपल्या माणसांसाठी काम करायचं, हा त्यांचा ध्यास होता. त्यांना नुसते बंडखोर म्हणणारे हे विसरतात.

६. युद्धात त्यांनी चर्चिल यांना विरोध का केला? तो देशद्रोह नव्हता का?

नव्हता. हिटलरशी लढलं पाहिजे हे ते १९३० च्या दशकापासून ओरडून सांगत होते. स्टॅफर्ड क्रिप्स यांच्यासोबत फॅसिझमविरुद्ध सर्व पक्षांची एकजूट मागितल्याबद्दल १९३९ मध्ये मजूर पक्षानं दोघांनाही काढून टाकलं. बेव्हन त्याच वर्षाअखेर परतले. युद्ध सुरू असतानाही सरकारला प्रश्न विचारले गेले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक शत्रूच्या हाती पडल्यानंतर जुलै १९४२ मध्ये आलेल्या अविश्वास ठरावावर ते म्हणाले की पंतप्रधान वादामागून वाद जिंकतात आणि लढाईमागून लढाई हरतात. ठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी पडला. चर्चिल यांनी त्यांना शेलक्या शब्दांत हिणवलं. पण लोकशाहीसाठी लढणाऱ्या देशाची संसद युद्धातही चालू होती, याचं बरंचसं श्रेय अशा मोजक्या त्रासदायक खासदारांना आहे. याच काळात ते 'ट्रिब्यून' साप्ताहिकाचे संपादक होते आणि जॉर्ज ऑरवेल तिथे साहित्य विभाग सांभाळत होते.

७. एनएचएसमध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

तीन निर्णय घेतले, आणि तिन्ही सोपे नव्हते.

पहिला, उपचाराच्या क्षणी पैसे नाहीत. कोणी श्रीमंत असो की बेकार, डॉक्टरसमोर बसल्यावर बिल नाही. दुसरा, खर्च सर्वसाधारण करांतून. विम्याचा हप्ता हा मुख्य आधार ठेवला असता तर ज्याचा हप्ता चुकला तो बाहेर पडला असता. गृहिणी, म्हातारे आणि बेकार हे त्यात पहिले. युद्धापूर्वी कामगाराला विम्याचा डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला मिळत नसे. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं गर्भाशयाची दुखणी अंगावर काढली होती, त्या जुलै १९४८ नंतर रांगा लावून डॉक्टरांकडे आल्या.

तिसरा निर्णय सर्वांत धाडसी. इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांहून अधिक रुग्णालयं त्यांनी थेट राष्ट्राच्या ताब्यात घेतली. काही धर्मादाय संस्थांची होती, काही नगरपालिकांची. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी याला कडाडून विरोध केला, कारण नगरपालिकांची रुग्णालयं ही त्यांच्या लंडनची शान होती. बेव्हन यांचं उत्तर असं होतं की श्रीमंत शहरात चांगलं रुग्णालय आणि गरीब खोऱ्यात भिकार, हे स्थानिक कारभारात कधीच बदलणार नाही. ट्रेडीगरच्या दवाखान्यात बेडपॅन पडला तरी त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे संसदेत, घुमला पाहिजे, हे त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य याच विचाराचं आहे. प्रश्न ५ मधली सत्तेची गोष्ट इथे पूर्ण झाली: जबाबदार कोण, हे एकदाचं ठरलं.

५ जुलैला ते मँचेस्टरजवळ डेव्हीहुल्मच्या पार्क रुग्णालयात गेले आणि नव्या सेवेतली पहिली रुग्ण ठरलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला भेटले.

८. डॉक्टरांनी विरोध केला होता ना? मग ते कसे वळले?

विरोध प्रचंड होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं सदस्यांचं मत घेतलं, तेव्हा सुमारे चाळीस हजार डॉक्टर विरोधात आणि पाच हजारांहून कमी बाजूनं होते. सेवा सुरू व्हायला पाच महिनेही नव्हते. सरकारी पगारी नोकर होण्याची भीती होती. शिवाय तोवर डॉक्टर आपला चालता दवाखाना रुग्णांसकट विकत असत, तो व्यवहार बंद होणार होता.

बेव्हन यांनी डॉक्टरांमधल्या दोन गटांतली फट हेरली. मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना त्यांनी खासगी प्रॅक्टिस चालू ठेवू दिली, एनएचएसच्या रुग्णालयात पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी काही खाटा दिल्या, आणि गुणवत्तेनुसार जादा मानधन दिलं. अध्यापन रुग्णालयांना स्वतःची मंडळं ठेवता आली. यात रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांची मदत झाली, जे चर्चिल यांचेच खासगी डॉक्टर होते. गल्लीतल्या डॉक्टरांना दवाखान्यांच्या भरपाईपोटी ६ कोटी ६० लाख पौंड ठेवले, आणि नवा कायदा केल्याशिवाय कोणालाही पूर्ण पगारी नोकर करणार नाही असं एप्रिलमध्ये जाहीर केलं. मे महिन्याच्या दुसऱ्या मतदानात विरोध ओसरला. दरम्यान लोकांनी डॉक्टरांकडे नावं नोंदवायला सुरुवात केलीच होती, आणि रुग्णच नव्या सेवेत गेल्यावर डॉक्टर बाहेर राहून करणार काय?

तज्ज्ञांची तोंडं सोन्यानं भरली, असं ते नंतर म्हणाल्याचं सांगतात. या तडजोडीवर डाव्यांनी टीका केली. खासगी खाटांचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला हे खरं, पण तत्त्वाचा गाभा त्यांनी इंचभरही सोडला नाही. सोडला तो पैसा. माझ्या मते हा सौदा योग्य होता.

९. मग एनएचएस त्यांनी एकट्यानं निर्माण केली असं म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आणि तसं म्हणण्याची गरजही नाही. बेव्हरिज अहवालानं सर्वांसाठी आरोग्यसेवा गृहीत धरली होती. १९४४ मध्ये युद्धकालीन संयुक्त सरकारनं त्याची श्वेतपत्रिका काढली. हुजूर पक्षाचे हेन्री विलिंक यांनीही आराखडा केला होता. युद्धात सरकारी आणीबाणी रुग्णालय योजनाही चालली होती.

त्याच्याही आधी ट्रेडीगरची मेडिकल एड सोसायटी होती. खाणकामगार आणि पोलाद कामगार पगारातून दर पौंडामागे काही पेन्स देत आणि त्यातून डॉक्टर, दवाखाना, दात, चष्मे असं सगळं गावातल्या बहुसंख्य कुटुंबांना मिळे. बेव्हन तिथल्या रुग्णालय समितीवर काम करून आले होते. ट्रेडीगरला मिळालं ते सगळ्या देशाला द्यायचं, हे ते उघड सांगत. फरक महत्त्वाचा आहे: सोसायटी वर्गणीवर चालायची, एनएचएस करांवर. रुग्णालयांचं राष्ट्रीयीकरण मात्र आधीच्या कोणत्याही आराखड्यात नव्हतं. ते बेव्हन यांचं.

१०. घरबांधणीत ते अपयशी ठरले, हे खरं का?

अर्धं खरं. त्या काळी घरबांधणीही आरोग्यमंत्र्याकडे असे. साहित्य, मजूर, पैसा या सगळ्याची टंचाई होती आणि कामाला वेग यायला वेळ लागला. तरी १९५१ पर्यंत सुमारे दहा लाख घरं उभी राहिली. त्यांनी कामगारांच्या घराचा आकार ७५० वरून ९०० चौरस फुटांवर नेला आणि खाली एक, वर एक असे दोन संडास ठेवले. लहान घरं बांधून आकडा फुगवायला त्यांनी नकार दिला. पुढच्या हुजूर सरकारनं वर्षाला तीन लाख घरं बांधली, पण ती लहान केली. बेव्हन यांच्या काळातली नगरपालिकेची घरं आजही लोकांना हवीहवीशी वाटतात.

११. विरोधकांना 'उंदीर-घुशींपेक्षा नीच' म्हणाले होते का?

म्हणाले होते. सेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, ४ जुलै १९४८ रोजी, मँचेस्टरच्या सभेत. तरुणपणीची बेकारी आठवून बोलताना हुजूर पक्षाबद्दल ते शब्द गेले. ॲटली यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, आणि हुजूर पक्षाच्या तरुणांनी तेच नाव मिरवत क्लब काढले. वेदना खरी होती, पण हे वाक्य चुकीचं होतं. त्यांच्या सर्वांत मोठ्या दिवशी वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळाला.

१२. १९५१ मध्ये केवळ चष्म्यांसाठी राजीनामा दिला?

चष्मे आणि कवळ्या. एनएचएसच्या पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांच्या वर चष्मे दिले गेले होते आणि खर्च अंदाजाबाहेर गेला. कोरियन युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रखर्च ठरला. अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांच्या किमतीचा अर्धा भाग रुग्णाकडून घ्यायचं ठरवलं. त्यातून पूर्ण वर्षाला मिळणार होते सुमारे २ कोटी ३० लाख. बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होते. एवढ्याशा रकमेसाठी तत्त्व का मोडता, आणि एवढी शस्त्रं बनवायला कच्चा माल तरी कुठून आणणार, असे त्यांचे दोन प्रश्न होते. उत्तर मिळालं नाही, तेव्हा एप्रिल १९५१ मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सन (पुढे पंतप्रधान) आणि जॉन फ्रीमन यांनीही राजीनामे दिले. वर्षअखेर, सत्तेत परतलेल्या चर्चिल यांच्याच सरकारनं तो शस्त्रखर्च झेपत नाही म्हणून लांबवला.

१३. पण औषधांवर शुल्काचा कायदा त्यांच्याच काळात झाला होता ना? मग हा दुटप्पीपणा नाही का?

प्रश्न रास्त आहे. १९४९ च्या दुरुस्ती कायद्यानं औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंगपर्यंत शुल्क लावण्याचा अधिकार सरकारला दिला आणि बेव्हन यांनी तो मान्य केला. मंत्रिमंडळातला दबाव टाळण्यासाठी त्यांनी अधिकार कागदावर येऊ दिला, अंमलात येऊ दिला नाही. शिलिंग प्रत्यक्ष लागलं ते १९५२ मध्ये, हुजूर पक्षाच्या राजवटीत. तरीही दार त्यांनीच किलकिलं केलं होतं, हे नाकारता येत नाही, आणि गेटस्केल यांनी त्याचा आधार घेतला.

१४. अणुबॉम्बवर त्यांनी पलटी मारली का?

१९५५ मध्ये हायड्रोजन बॉम्बच्या प्रश्नावर पक्षनेतृत्वाला आव्हान दिल्यामुळे संसदीय पक्षानं त्यांना काही काळ बाहेर काढलं होतं. आणि १९५७ च्या ब्रायटन अधिवेशनात मात्र त्यांनी एकतर्फी अण्वस्त्रत्यागाच्या ठरावाला विरोध केला. असा ठराव केला तर ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला वाटाघाटींच्या दालनात उघडंनागडं पाठवाल, असं ते म्हणाले. तेव्हा ते विरोधी पक्षाचे परराष्ट्र प्रवक्ते होते, उद्याचे परराष्ट्रमंत्री. सत्तेच्या खुर्चीवरून बॉम्बचा वापर टाळता येईल, बाहेरून नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या जिवाभावाच्या अनुयायांची मनं त्या दिवशी तुटली. जवळचे साथी मायकेल फूट यांच्याशीही काही काळ दुरावा आला.

१५. ते पंतप्रधान का झाले नाहीत?

पक्षाचे सामान्य कार्यकर्ते त्यांच्या मागे होते, खासदार नव्हते, आणि तेव्हा नेता खासदार निवडत. डिसेंबर १९५५ मध्ये गेटस्केल यांना १५७, बेव्हन यांना ७० आणि मॉरिसन यांना ४० मतं पडली. राजीनामा (प्रश्न १२) आणि त्यानंतरची 'बेव्हनाइट' गटबाजी खासदारांना आवडली नव्हती. १९५९ मध्ये ते उपनेते झाले, पण तेव्हा आजार पोटात शिरलेला होता.

१६. ते वेल्श राष्ट्रवादी होते का? वेल्श बोलत होते का?

दोन्ही नाही. वडिलांची भाषा वेल्श असली तरी नाय इंग्रजीतच वाढले. १९४४ मध्ये संसदेत पहिल्यांदा 'वेल्श दिवस' झाला, तेव्हा वेल्सच्या मेंढ्या इतर ठिकाणच्या मेंढ्यांहून वेगळ्या कशा, असा प्रश्न त्यांनी केला होता. खाणकामगाराचा शत्रू इंग्लंडच्या डरहॅममध्ये आणि वेल्सच्या ऱ्हॉन्डामध्ये एकच आहे, हा त्यामागचा विचार. वेल्श भाषा-संस्कृतीवर प्रेम करणाऱ्यांना हे लागलं आणि अजून लागतं. मात्र १९५९ च्या जाहीरनाम्यात वेल्ससाठी स्वतंत्र मंत्र्याचं आश्वासन आलं, त्याला त्यांनी विरोध केला नाही. २००४ मध्ये 'वेल्सचे शंभर वीर' निवडण्यासाठी लोकांनी मतं दिली, त्यात पहिलं नाव बेव्हन यांचं होतं.

१७. भारताशी त्यांचा काही संबंध?

आहे. ते भारताच्या स्वातंत्र्याचे पाठीराखे होते, नेहरूंचे स्नेही होते, आणि ज्या मंत्रिमंडळानं १९४७ चं सत्तांतर केलं त्याचे सदस्य होते. मराठी वाचकांसाठी एक जवळचा धागा: ज्या १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये एनएचएसचा कायदा झाला, त्याच वर्षी भारतात भोर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व त्या अहवालातही होतं. तिकडे मंत्र्यानं ते दोन वर्षांत अंमलात आणलं, आपल्याकडे ते बरंचसं कपाटात राहिलं. पुढे वेल्सच्या खाणपट्ट्यात गल्लीतले डॉक्टर म्हणून मोठ्या संख्येनं भारतीयच गेले. स्थानिक डॉक्टर तिथे जायला तयार नसत.

१८. त्यांच्या पत्नीही राजकारणात होत्या का?

हो, जेनी ली. स्कॉटलंडच्या खाणकामगाराची मुलगी, १९२९ मध्येच खासदार झालेली, आणि बरेचदा नाय यांच्याहून जास्त डावी. १९३४ मध्ये लग्न झालं. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं ते विल्सन सरकारमधल्या मंत्री म्हणून त्यांच्या चिकाटीमुळे. त्यांना 'बेव्हनची बायको' एवढ्यावर आटोपणं अन्यायाचं आहे.

१९. त्यांचं स्मारक कुठे आहे?

पोटाच्या कर्करोगानं चेशमजवळच्या त्यांच्या शेतावर ते गेले आणि रक्षा ट्रेडीगरच्या वरच्या डोंगरावर विखुरली. एबू व्हेल आणि ट्रेडीगरच्या मधल्या माळावर चार मोठ्या शिळा आहेत: एक त्यांची, तीन एबू व्हेल, ट्रेडीगर आणि ऱ्हिम्नी या गावांच्या. तिथे ते उघड्यावर सभा घेत. कार्डिफच्या क्वीन स्ट्रीटवर पुतळा आहे, एबू व्हेलच्या रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. मतदारसंघ त्यांच्यानंतर मायकेल फूट यांच्याकडे गेला.

२०. मुलगी कार्डिफला शिकायला चालली आहे. बेव्हन यांची फुकट सेवा तिला मिळेल का?

मिळेल, पण आता परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसासोबत आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. हा नियम २०१५ पासून आहे आणि रक्कम बदलत असते, म्हणून अर्ज करताना अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. वेल्समध्ये औषधाच्या चिठ्ठीचं शुल्क २००७ पासून रद्द आहे. इंग्लंडमध्ये ते अजून आहे.

परदेशी माणसाला फुकट उपचार का, हा प्रश्न बेव्हन यांनाही विचारला गेला होता. परका कोण हे शोधायचं तर प्रत्येक रुग्णाला आपण परके नाही हे सिद्ध करावं लागेल, आणि तो त्रास वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा असेल, असं त्यांचं उत्तर होतं. परदेशी रुग्णांना शुल्क लावण्याचा अधिकारही १९४९ च्याच कायद्यात होता (प्रश्न १३), पण १९८२ पर्यंत कोणत्याच सरकारनं तो वापरला नाही.